पिंप बाल्कनीतच राहणार

४ फेब्रुवारी

पिंप हलणार नाही. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मीच विरघळायला नको.

आज जेवताना पुन्हा तोच विषय. सूनबाई ताटावरून उठली, बाल्कनीचं दार लावून आली आणि म्हणाली, "बाबा, खरंच सहन होत नाही हो." आमचे चिरंजीव मान खाली घालून जेवत राहिले. कसला वास? घरातली सालं, देठं, चहाचा चोथा सगळं त्या पिंपात जातं, वर सुका पाला पडतो, त्याचं खत होतं. गेलं वर्षभर या घरातून ओल्या कचऱ्याची एक पिशवी बाहेर गेलेली नाही. मग आत्ताच वास कुठून उपटला?

आणि वास मला शिकवतात! साबणाच्या कारखान्यात सुगंधाच्या खात्यात जन्म गेला माझा. गुलाबाच्या अर्कात किंचित भेसळ असली तरी झाकण उघडताच सांगायचो. माल उतरवून घेण्याआधी साहेबलोक मला बोलवायचे.

७ फेब्रुवारी

सूनबाईला सहावा महिना आहे, मान्य. आमच्या हिलाही तेव्हा कांदा चिरलेला चालायचा नाही. पण ते सुरुवातीला. हे आपलं चालूच.

मला वाटतं, पिंप हे निमित्त आहे. बाळाला खोली हवी आणि खोलीत मी. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून पिंपाला धरलंय.

८ फेब्रुवारी

भाजी पुन्हा पाणचट. मीठ आहे, तिखट आहे, चव नाही.

१० फेब्रुवारी

फरशी पुसायचं कसलंसं सुगंधी औषध आणलं तिने. निळीशार बाटली. मी परत करायला लावली. व्हिनेगर आणि सोडा घेतला की फरशी लख्ख होते, वर गटारात विष जात नाही. कारखान्यामागचा ओढा रोज वेगळ्या रंगाचा असायचा, मी बघत आलोय. या घरात ते नको.

ती वाद घालत नाही, हेच जास्त डोक्यात जातं. म्हणाली, "तुमचं पटतं मला, बाबा. कापडी पिशव्या पटल्या, आंघोळीचं पाणी झाडांना घालणं पटलं, हेही पटलं. फक्त पिंप एकदा बघा ना. काहीतरी बिघडलंय त्यात."

बघितलं की! मूठभर घेऊन नाकाशी धरलं. काही नाही. खत पिकत आलं की वास जातोच. तिच्यापुढे मूठ धरली तर तोंडावर हात ठेवून बाथरूमकडे पळाली. नाटक, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी

पिंपात कोणीतरी हात घालतंय. काल मी वर पाला पसरला होता, आज त्यावर लाकडाचा भुसा. मी भुसा आणलेलाच नाही! झाकणही उलटं बसवलेलं.

माझं खत नासवायचं आणि मग माझ्याकडेच बोट दाखवायचं, असा बेत दिसतो. बघून घेईन.

१४ फेब्रुवारी

आज कपाटातून आमच्या हिची शाल काढली. ही गेल्यापासून मी ती कोणाला धुऊ दिलेली नाही. घडीत ही मी बनवलेल्या गुलाबाच्या साबणाची वडी ठेवायची. घडी उघडली की ही खोलीत आल्यासारखी वाटते. बऱ्याच दिवसांनी उघडली आज. नाकाला लावली.

काहीच नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडासारखी.

धुतली! मला न विचारता धुतली. तडक स्वयंपाकघरात गेलो आणि नको ते बोललो. ती ओट्याला धरून उभी राहिली. "मी तुमच्या कपाटाला कधीच हात लावत नाही, बाबा." डोळ्यांत पाणी. माझा विश्वास बसला नाही. आता हे भांडण पिंपाचं राहिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

चिरंजीवांनी अखेर तोंड उघडलं. "रविवारपर्यंत पिंप खाली न्या, नाहीतर मी नेतो. तिच्या पोटात काही ठरत नाही. बाळाचं वजन वाढत नाहीये, डॉक्टर काळजीत आहेत."

मी म्हटलं, पिंप जाईल त्या दिवशी मीही जाईन. चाळीतली माझी जुनी खोली अजून आहे.

"असं काय करता, बाबा," म्हणाला. पण पिंप राहू दे असं नाही म्हणाला.

१८ फेब्रुवारी

बॅग भरली. शाल सगळ्यात वर ठेवली.

तिची मनगटं बघितली आज. अगदी काडी झाली आहेत. राग आहे तसाच आहे, पण आज पहिल्यांदा भीती वाटली.

१९ फेब्रुवारी

अक्षर बघा काय येतंय.

दुपारी घरात एकटाच होतो. दूध गॅसवर ठेवलं आणि तिथेच टेबलाशी पेपर घेऊन बसलो. कानाची मशीन चार्जिंगला. वाचण्यात दूध उतू गेलं, ज्योत विझली, मला पत्ता नाही. पेपर संपल्यावर चहाला म्हणून उठलो. लायटर हातात घेतला.

तेवढ्यात सूनबाई दारात. कधी आवाज न चढवणारी ती, केवढ्याने ओरडली! "बाबा, लायटर खाली ठेवा!" पोट सावरत धावत आली, लायटर हिसकावला, गॅसचं बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. मग मला धरून बाहेर जिन्यात आणलं.

"जिन्यापर्यंत गॅसचा वास येतोय, बाबा. तुम्हाला नाही आला?"

मी म्हटलं, कसला वास?

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागाने नाही. मग म्हणाली, "भुसा मी टाकत होते. तुम्ही फिरायला गेलात की पिंप ढवळायचे. वास कमी झाला तर तुम्हाला कोणी बोलणार नाही, म्हणून."

त्या अवस्थेत, उलट्या आवरत, माझं पिंप ती ढवळत होती. आणि मी तिला काय काय बोललो.

२० फेब्रुवारी

पिंप सकाळी मीच खाली नेलं. मग बॅगेतून शाल काढली आणि सूनबाईच्या हातात दिली. वास येतो का बघ म्हटलं.

तिने डोळे मिटून हुंगली. "गुलाब," म्हणाली. "आणि आईंच्या केसांचं तेल. सगळं आहे, बाबा."

मीही पुन्हा नाकाला लावली. नुसती लोकर टोचली.