लाल अजगरात आपल्याआधी बसू देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक (प्रशासन व परदेश दौरे),
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: तपासनीस, खटका विभाग, जुनी शेड.

विषय: भट्टी पाहण्याच्या परदेश दौऱ्याला तेथील थीम पार्कची एक भेट जोडून मिळण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ: १) याच विषयावरचे माझे आधीचे दोन अर्ज.
२) त्यांवरचे आपले शेरे, अनुक्रमे "करमणूक. नामंजूर." आणि "पुन्हा तेच."

महोदय,

१. सविनय कळवतो की, नवी भट्टी पाहून पसंत करण्यासाठी कंपनी मला ज्या शहरी पाठवत आहे, त्याच शहरात एक मोठे थीम पार्क आहे. तेथे 'लाल अजगर' नावाची नवी राईड दौरा संपल्यावर लगेच येणाऱ्या रविवारी लोकांसाठी खुली होत आहे. माझे भट्टीचे काम शुक्रवारी संपते. शनिवारी मला त्या पार्कात जाऊ द्यावे आणि परतीचे तिकीट तेवढे पुढे ढकलावे, एवढीच मागणी आहे. पहिल्या दोन अर्जांत मी कारण लिहिले नव्हते. आमचे फोरमन म्हणाले होते की लेखी काही देऊ नका, साहेब काय ते समजून घेतील. साहेबांनी समजून घेतले नाही, म्हणून आता लिहून देतो.

२. मला असल्या राईडची हौस आहे, असा आपला समज झालेला दिसतो. महोदय, लिफ्ट खाली निघाली तरी मी कठडा धरतो. आपल्या इमारतीच्या लिफ्टमनला विचारून खात्री करून घ्यावी. तो मला त्यावरून चिडवतो.

३. लाल अजगर म्हणजे डब्यांची गाडी. ती माणसांना उंच नेते, खाली सोडते आणि मधे एका वळणावर सगळ्यांना उलटे करते. उलटे झालेला माणूस खाली पडत नाही, कारण त्याच्या छातीवर एक दांडा असतो. तो दांडा वर उचलला जात नाही, कारण त्याला एका खटक्याने धरलेले असते. तो खटका आपल्याकडे बनतो. शेडमध्ये माझे काम एवढेच, की प्रत्येक खटका अंगठ्याने दाबायचा, सोडायचा आणि परत येताना अंगठ्याला काय लागते ते पाहायचे. जो नापास, त्याच्यावर कुंचल्याने लाल ठिपका द्यायचा आणि बाकाखालच्या ट्रेमध्ये टाकायचा. ही पद्धत माझ्या आधीच्या तपासनीसांपासून चालत आली आहे. लाल म्हणजे नापास, हे आमच्या शेडमध्ये झाडूवालीलाही माहीत आहे.

४. या वेळच्या ऑर्डरमध्ये पार्कने खटके लाल रंगात मागितले. अजगर लाल, म्हणून त्याचे खटकेही लाल. यात काही वावगे आहे असे कोणाच्याही डोक्यात आले नाही. माझ्याही आले नाही. त्याच सुमारास जुनी भट्टी मधेच गार पडू लागली. (ती भट्टी बाद आहे हे कंपनीला मान्य आहे, एरवी मला नवी पाहायला का पाठवता?) खटक्यातल्या स्प्रिंगला पाणी, म्हणजे हवा तो कडकपणा, नीट बसेना. मी एक अख्खा ट्रे नापास केला, ठिपके दिले आणि बाकाखाली सरकवला. दुसऱ्या दिवसापासून पत्नीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर होतो. परत आलो तेव्हा ट्रे रिकामा होता आणि आतून पुसलेला होता. मी रंगखात्यात गेलो. तिथले पेंटर फार मन लावून काम करणारे आहेत, त्यांच्या हातून कधी ओघळ राहत नाही. ते हात पुसत पुढे आले आणि म्हणाले, "तपासनीस, तुमचे काही नग अर्धवट रंगवून पडले होते. आम्ही थांबून पुरे केले आणि मालाबरोबर पाठवून दिले."

त्यांच्या तोंडावर समाधान होते. मी त्यांना "बरं केलंत" म्हणालो आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी बसून राहिलो. अजून ते रोज सकाळी मला हसून नमस्कार करतात. त्यांना खरे काय ते सांगायचे धाडस मला झालेले नाही.

५. आता त्या मालातला कोणता खटका चांगला आणि कोणता नापास, हे रंगावरून कोणालाच सांगता येणार नाही. सगळे सारखेच लाल आहेत आणि सारखेच सुंदर दिसतात. फोरमन म्हणतात की एका आसनाला दोन खटके असतात, एक गेला तरी दुसरा आहे. मी म्हटले, दुसराही त्याच ट्रेमधला निघाला तर? यावर ते चहा प्यायला निघून गेले. दुसरे म्हणणे असे की पार्कने वाळूच्या गोण्या बसवून गाडी कितीतरी वेळा फिरवून पाहिली आहे आणि एकही गोणी पडली नाही. नाहीच पडणार. नापास खटका दर वेळी चुकत नसतो, महोदय. तो बहुतेक वेळा अगदी वेळेवर परत येतो. चांगल्यापेक्षा गुणी वाटतो. मग एखाद्या वेळी तो जरा विचार करतो. ते विचार करणे मी शेडमध्ये बाकावर पाहिले आहे, आणि तेव्हा माझ्या हातात नुसता खटका होता, वर कोणी बसलेले नव्हते.

६. मी गप्प बसलो असे नाही. मी पार्कला पत्र लिहिले. उत्तर आले की आपल्या उत्साहाबद्दल आभार, गटाने आल्यास खास सवलत मिळेल. मी पुन्हा लिहिले. या वेळी उत्तर आले की सुट्या भागांबाबतची सूचना फक्त उत्पादक कंपनीच्या अधिकृत पत्रावरच स्वीकारली जाते. ते माझे पत्र त्यांनी माहितीसाठी आपल्याकडे पाठवले आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अधिकृत पत्राचे कोरे कागद आपल्या केबिनमधल्या कपाटात असतात. त्यावर "खटके पुन्हा तपासेपर्यंत गाडी बंद ठेवावी" एवढे एक वाक्य हवे होते. आपण स्टेनोंकरवी निरोप दिलात की असे लिहिणे म्हणजे चूक कबूल करणे होईल आणि दुसऱ्या राईडची ऑर्डर आत्ता कुठे हाताशी आली आहे. मला ऑर्डरचे महत्त्व कळते. माझेही घर त्यावरच चालते.

७. माझी धाकटी बहीण त्याच शहरात एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहत नाही. उद्घाटनाच्या दिवशी तिथल्या शाळांतल्या मुलांना पार्कने बोलावले आहे आणि त्यात भिंगरीची शाळा आहे. मी बहिणीला फोन करून सगळे सांगितले आणि मुलीला पाठवू नकोस म्हटले. ती म्हणाली, "दादा, मी भिंगरीला घरी ठेवीन. पण तिच्या शेजारी बसणारी मुलगी असेल ना, तिच्या आईला कोण सांगणार?"

तिने शाळेत जाऊन सांगून पाहिले. बाईंनी तिला समजावले की काळजी करू नका, माल नामांकित कंपनीचा आहे. त्या कंपनीत मी नोकरीला आहे हे सांगायची बहिणीला लाज वाटली. तिचा फोन आला की हल्ली मी आधी पाणी पितो, मग उचलतो.

८. आपली हरकत करमणुकीला आहे, म्हणून मी पुढीलप्रमाणे हमी देतो. पार्कात मी आइस्क्रीम खाणार नाही. कान असलेली टोपी घेणार नाही. अजगर सोडून इतर कोणत्याही राईडकडे बघणारसुद्धा नाही. कंपनीचा तपासनीस म्हणून आत जाऊन लाल अजगराच्या प्रत्येक आसनावर मी आळीपाळीने बसेन आणि दोन्हीकडचे खटके दाबून पाहीन. त्यासाठी गाडीबरोबर फिरावे लागले तर फिरेन, ओरडणार नाही, भीती वाटल्यास मनातल्या मनात बाळगीन. उतारावर एक कॅमेरा प्रत्येकाचा फोटो काढतो असे समजते. त्या फोटोंत मी कुठेही हसताना आढळलो, तर माझ्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी. माझा अंगठाही चुकू शकतो, हे मी आधीच मान्य करतो. सगळे नापास नग मला सापडतीलच असे नाही. पण एक जरी सापडला, तर तो हातात घेऊन मी तिथे आरडाओरडा करू शकेन आणि मग गाडी बंद ठेवायला त्यांना अधिकृत पत्र लागणार नाही.

९. हा अर्ज मी इथेच संपवणार होतो. काल दुपारी आपल्या शिपायाकडून कळले की कंपनीच्या वतीने उद्घाटनाला आपण जात आहात आणि पहिल्या फेरीला पहिल्या डब्यात बसण्याचा मान आपल्याला मिळाला आहे. दौऱ्याच्या आदेशात त्याला "ग्राहक सदिच्छा भेट" असे नाव आहे. तेव्हा करमणुकीबद्दलची आपली अडचण आता उरली नसावी. माझीही भेट सदिच्छेचीच समजावी, आपल्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही.

शिपाई असेही म्हणाला की आपण नातीला बरोबर नेत आहात. तिची उंची राईडला पुरते की नाही हे पाहण्यासाठी आपण तिला केबिनच्या चौकटीला टेकवून उभे केलेत आणि पेन्सिलने खूण केलीत. आपण जेवायला गेला होतात तेव्हा त्याने मला ती खूण दाखवली. माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत येते. उंची पुरली म्हणून ती टाळ्या वाजवत जिना उतरली, असे तो कौतुकाने सांगत होता.

महोदय, मी घरी गेलो तो जेवलो नाही. रंगखात्यात सुकायला टांगलेला त्या मालातला एक खटका मोजणीत मागे राहून गेला होता, तो मी खिशातून आणला होता. पत्नीने विचारले, काय झालंय? मी तो तिच्या हातात दिला आणि दाबत राहा म्हणालो. ती ओट्याशी उभी राहून बोलता बोलता दाबत होती. ऑपरेशनपासून तिला बारीक दिसत नाही, पण बोटांना कळते. मी असला अर्ज पुन्हा देऊ नये, नोकरी जाईल, असेच ती मला समजावत होती. मधेच तिचा अंगठा खटक्यावर थबकला. तिने खटका ओट्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "अहो, अर्ज आजच लिहा."

१०. तरी विनंती की, अधिकृत पत्राची एक ओळ आपण आजच पाठवावी. ते होणार नसेल, तर मला शनिवारी पार्कात जाऊ द्यावे. तेही होणार नसेल, तर निदान रविवारी पहिल्या फेरीआधी पहिल्या डब्यातल्या दोन आसनांवर, आपल्या आणि आपल्या शेजारच्या, मला एकेकदा बसू द्यावे. मी लगेच उठेन. आपल्या नातीला ते आसन गार लागणार नाही.

आजवर आपला आज्ञाधारक,

(सही)
तपासनीस, खटका विभाग

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे. शिक्का आजच मारावा.

सोबत:
१) पार्ककडून आलेली दोन पत्रे.
२) कारणे दाखवा नोटीस, माझ्या उत्तरासह.
३) खटका, लाल, नग एक. हा चांगला की नापास, ते मी मुद्दाम लिहीत नाही. महोदयांनी तो स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहावा. बरोबर वाटला तरी पुन्हा दाबावा. दाबून दाबून कंटाळा आला, की आणखी एकदा.