आई इंडेक्समध्ये आहे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. हॉस्पिटलचा सगळा डेटाबेस मी एकहाती सांभाळतो, पण कॉरिडॉरमध्ये नमस्कार मात्र डॉक्टरांना. आपली नोंद आपणच ठेवलेली बरी.
संकल्प: दर आठवड्याला डेटाबेसची पूर्ण तपासणी. पहाटे फिरायला जाणे. चहा बिनसाखरेचा.
तपासणी बरेच महिने झालेली नाही. पण तक्रारही नाही. म्हणजे तब्येत उत्तम.
आईने आजही विचारलं, गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर कधी लागणार. यादी आमच्याच डेटाबेसमध्ये, नोंदणीच्या तारखेप्रमाणे. दोन वर्षं होत आली. म्हटलं, लागलाच समज. हल्ली ती जिना बसून चढते, पाठमोरी, एकेक पायरी. व्यायाम होतो म्हणते.

४ मार्च, मंगळवार
फिरायला गेलो नाही. ढगाळ होतं.
तपासणी लावून जेवायला गेलो. परत येतो तर स्क्रीनभर लाल अक्षरं. ऑपरेशनच्या प्रतीक्षायादीचं टेबल, म्हणजे नावांचा तक्ता, काही ठिकाणी खराब झालंय. डिस्क जुनी आहे. बदलायला हवी असं मी गेल्या वर्षीच सांगणार होतो.
शेजारी बसणाऱ्या बाईंनी (मनातल्या मनात मी त्यांना शंकासुर म्हणतो) विचारलं, बॅकअप आहे ना? हा काय प्रश्न झाला! रोज होतो, म्हटलं.

५ मार्च, बुधवार
बॅकअप रोज होत होता हे खरंच आहे. खराब झालेल्या टेबलाचा होत होता. इमानेइतबारे, चुकांसकट. त्याआधीचे चांगले बॅकअप मीच पुसले. जागा अडवून बसले होते. नीटनेटकेपणा हा माझा जुना गुण.
चहात एक चमचा साखर. टेन्शनमध्ये पथ्य करू नये.

७ मार्च, शुक्रवार
दुरुस्तीची एक कमांड आहे. ती देण्याआधी सूचना येते की काही माहिती नष्ट होऊ शकते. 'शकते'. सिगारेटच्या पाकिटावरही असंच काहीतरी लिहितात आणि आमचे सासरे चांगले ठणठणीत आहेत. खोकला सोडला तर.
शंकासुर म्हणाल्या, आधी साहेबांना सांगा. म्हणजे आपण होऊन पायावर धोंडा मारून घ्या. मंगळवारी वरून तपासणीला माणसं येणार आहेत. साहेबांना फक्त स्वच्छ रिपोर्ट हवाय.

९ मार्च, रविवार, दुपारी
ऑफिसात एकटा. कमांड दिली. बसल्या बसल्या काम फत्ते. लाल अक्षरं जवळजवळ गेली. थोडी उरली आहेत: काही नावं इंडेक्समध्ये आहेत, पण टेबलात त्यांच्या ओळी नाहीत. किरकोळ.

१० मार्च, सोमवार
सहज आईचं नाव टाकून पाहिलं. लगेच सापडलं. नोंदणीची तारीखसुद्धा दिसली. उघडायला गेलो तर आत काहीच नाही.
इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते ती सूची. सूचीत आई आहे, पानाचा आकडा आहे, पान फाटलेलं आहे. अशी आणखी बरीच माणसं आहेत.
शंकासुर म्हणाल्या, घाबरू नका. नावं आणि तारखा सूचीतून आजच उतरवून घ्या, म्हणजे सगळ्यांना आपापल्या जागी परत बसवता येईल. फक्त सूची नव्याने बांधू नका. ती टेबलाकडे बघून बांधली जाते, मग गेलेली माणसं कायमची गेली.
एवढं मला कळत नाही का! उद्या सकाळी पहिलं काम हेच.

११ मार्च, मंगळवार
वरून माणसं आली. दिवसभर त्यांच्या मागे-पुढे. 'थोड्या तांत्रिक नोंदी शिल्लक' असं बोललो, सगळ्यांनी माना डोलावल्या. उतरवून घेणं उद्या.

१२ मार्च, बुधवार
विचार केला, नुसतं उतरवून घेणं हे कारकुनी काम. त्यापेक्षा एक प्रोग्राम लिहावा, जो हरवलेली माणसं आपोआप जागेवर बसवेल. पुन्हा कधी वेळ आली तरी चिंता नको. नाव ठरलं: संजीवनी.

१३ मार्च, गुरुवार
संजीवनीची पहिली स्क्रीन तयार. रंग हिरवा की निळा यात दुपार गेली.
आईने पुन्हा विचारलं. तिला खरं तेच सांगितलं, तू इंडेक्समध्ये आहेस. तिला इतकं बरं वाटलं! लगेच मावशीला फोन करून सांगितलं, अगं, माझं नाव इंडेक्समध्ये आलंय.

१४ मार्च, शुक्रवार
हिरवा. बाकीचं सोमवारी. ताज्या डोक्याने.

१७ मार्च, सोमवार
तपासणी लावली. एकही चूक नाही! स्क्रीन स्वच्छ. थोडा वेळ फार आनंदात होतो.
मग आठवलं. दर रविवारी सकाळी सगळ्या सूच्या आपोआप नव्याने बांधायच्या, असा जॉब मीच लावून ठेवलाय. मी लावलेल्या जॉबपैकी तो एकच कधी चुकत नाही.
आईचं नाव टाकलं. नाही. आडनाव आधी घालून पाहिलं. वेलांटी बदलून पाहिलं. माहेरचं नावसुद्धा टाकून पाहिलं. नाही.
साहेबांनी सगळ्या खात्यांना मेल पाठवला, याला म्हणतात काम. शंकासुरांनी मेल वाचून खुर्ची पलीकडे वळवली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार
काउंटरवर माणसं येऊ लागली आहेत. नाव नाही म्हटलं की भांडतात, मग दमतात आणि नव्याने नोंद करून जातात. ज्यांना खरी गरज आहे ते येतीलच. यादी ताजी होतेय, एका परीने चांगलंच.
आज आईला सांगायचं ठरवलं होतं. जेवणानंतर. जेवणानंतर तिचा डोळा लागला.

२४ मार्च, सोमवार
निदान हिला सांगितलं. वाटलं, ही आईला सांगेल. ही म्हणाली, आईंना तुम्हीच सांगायचं. आज सांगा.
आज मावशी आली होती. पाहुण्यांसमोर नको.
मला वाईट वाटतंय. फार वाटतंय. पण वाईट वाटून डेटा परत येत नसतो.

२ एप्रिल, बुधवार
आई काउंटरवर जाऊन आली. एकटीच, टॅक्सी करून. मला कामात कशाला त्रास, म्हणून.
तिथल्या बाई म्हणाल्या, आजी, तुमचं नावच नाही. आई खूप भांडली म्हणे. भर रांगेत सांगून आली की हे सगळं माझा मुलगा बघतो, त्याच्या हातून असं व्हायचं नाही, तुम्हालाच नीट बघता येत नाही. शेवटी नवी नोंद करून आली. यादीत सगळ्यात खाली.
घरी आल्यावर म्हणाली, माझी गादी खालच्या खोलीत आणून दे, आता काही वर जाणं जमायचं नाही. आणून दिली. चादर घालत होतो तेव्हा म्हणाली, त्या बाईंना ओरडू नकोस हो, नवीन असेल बिचारी.
नाही ओरडणार, म्हटलं.