वाढवू नका

८ फेब्रुवारी, रविवार. लातूर.
वस्तुस्थिती क्रमाने. सकाळी अकराच्या सुमारास घरासमोरून वरात गेली. गाडीवर स्पीकरची भिंत. प्रथम एकच शुद्ध स्वर, खालून वर चढत गेलेला. नंतर क्षणभर शांतता. त्या शांततेत एका बाईचा आवाज: ‘थांबा. वाढवू नका.’ त्यानंतर असा ठोका की कपाटाच्या काचा वाजल्या. रस्त्यावर आरोळी.
तो आवाज माझा आहे. तेव्हा वय तेवीस.

९ फेब्रुवारी.
शेजाऱ्यांकडून ते गाणे मिळवून सात वेळा ऐकले. शंकेला जागा नाही. स्वर आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सिग्नल जनरेटरचा, विजेपासून स्वर काढणाऱ्या यंत्राचा. चढताना मध्ये एक हिसका आहे, तो माझ्या हातच्या जोडाचा. ध्वनिफीत ब्लेडने तिरकी कापून चिकटवायची असते. तेवढी एक मी सरळ कापली. चाळीस वर्षे सलते आहे. आता त्यावर लोक नाचतात.
माझे तेव्हाचे प्राध्यापक, सर, आणि मी दोन वर्षे त्या फितींवर होतो. वाद्य नाही, ठेका नाही, केवळ विजेचे स्वर. विभागात म्हणत, ‘बाई, गिरणी बंद करा, पीठ झालं.’ परदेशात हे आधी झाले होते, आम्ही एका जुन्या मासिकात वाचले होते. पण स्वर चढवणे, रोखून धरणे, सोडणे, ज्यावर आज प्रत्येक वरात उभी आहे, ते या जिल्ह्यात प्रथम त्या खोलीत झाले.
‘वाढवू नका’ हा रचनेचा भाग नव्हे; चालू राहिलेल्या माइकने ते टिपले. सरांच्या कानांवर हेडफोन होता आणि बटण त्यांच्याच हातात. त्यांचा उजवा कान त्या दिवशी गेला. डावा पुढे वयाने.
मूळ फीत सरांकडे, नांदेडला. मग बाहेर कशी…

१२ फेब्रुवारी, गुरुवार. निलंगा.
त्या गाण्याच्या साउंडवाल्याला गाठले. माधव, वय चाळिशीचे. गोदामात छतापर्यंत स्पीकर.
‘तो आवाज तुमचा हाय, मॅडम? मी समजलो मशीनचा हाय.’
तो सदोष जोड का काढला नाही, विचारले.
‘काढून बघितला की. मजाच गेली. तिथं हिसका बसला की पब्लिक हात वर करतंय. मग तुम्ही वाढवू नका म्हणता, मी वाढवायलोय.’
खालच्या स्वरांची त्याची जाण माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा पक्की आहे. नाइलाजाने नोंदवते.
फीत कोणी दिली?
‘सरांनीच. नांदेडला वरातीत होतो, गाडी अडवून चिठ्ठी दिली हातात, घरी या म्हणून. तिथं फीत दिली. बावीसला इथं मैदानात दोन साउंडची स्पर्धा हाय, समोरासमोर. सर येणारेत. खुर्ची टाकायलोय त्यांच्यासाठी, मधोमध.’
मधोमध.

१५ फेब्रुवारी, रविवार. नांदेड.
सरांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी बोलणे सोडले आहे. सर्व संवाद वहीत. मी लिहिले: आपल्या छातीत पेसमेकर आहे. मोठ्या स्पीकरजवळ जाण्यास डॉक्टरांची मनाई आहे.
सरांनी लिहिले: ‘दारावरून वरात गेली. खालचा स्वर बरगड्यांत आला. नऊ वर्षांत प्रथमच काही ऐकले. चढवणे, रोखणे, सोडणे, ते आपलेच काम होते, वसुधा. म्हणून फीत दिली.’
मी: फीत देताना माझी परवानगी?
‘तू नाही म्हणाली असतीस.’
अचूक.
सुषमा, त्यांची मुलगी, स्वयंपाकघरात कुजबुजली, ‘ताई, तुम्हीच आवरा. माझं काय ऐकत न्हाईत. पुढल्या रविवारचे कपडे आत्ताच इस्त्री करून ठेवलेत.’ हळू कशाला बोलतेस, विचारले. म्हणाली, ‘सवय. लहानपणी ते फिती ऐकायचे ना.’

१८ फेब्रुवारी, बुधवार. लातूर.
माधवला फोन. खुर्ची काढ.
‘काढतो, पण सर उभे राहतील. त्यांनी लिहून दिलंय, तुमचा आवाज आला की फुल्ल. एवढ्या मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणू? तुम्ही म्हणा की.’
मी म्हटले होते. एकदा.
सकाळपासून गावात कुठेतरी स्पीकरची चाचणी चालू आहे. खिडकीच्या चौकटीला हात लावला की जाणवते. कोणत्या बाजूने येते ते सांगता येत नाही; खालच्या स्वराला दिशा नसते. दुपारी दोन तास काहीच नव्हते. ते अधिक…

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
दोन दिवसांत सरांकडून काही निरोप नाही. सुषमा फोन उचलत नाही. आज नांदेडला जाणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती पत्र दिले. नक्कल:

‘आदरणीय सर,
डॉक्टरांचे म्हणणे आपण वाचले आहे, माझेही. पुन्हा लिहीत नाही. आपण रविवारी निलंग्याला जाणार आहात काय? होय अथवा नाही, एवढेच, लेखी, उद्या सायंकाळी सहाच्या आत. उत्तर आपल्या हस्ताक्षरात असावे. सुषमाच्या हस्ताक्षरातले मी ग्राह्य धरणार नाही. होय असल्यास स्पीकरच्या भिंतीपासून किती फुटांवर आपण आणि मी अशा दोन जणांनी बसायचे, तेही लिहावे.’