कोचशी अबोला

३ मार्च
हॉकीचा संघ जाहीर झाला. मी पुन्हा राखीव गोलकीपर. संताप! सगळे फॉरवर्ड भरलेत. मागे डिफेन्सला एकटा बैल. तो वळेपर्यंत बॉल गोलात जाऊन परत सेंटरला येतो. लेफ्टला मॅनेजरचा भाचा, टेबलफॅन. उभ्या जागी मान फिरवतो, बाकी हलत नाही. आणि कोच कोण, तर आमचे भावोजी. ताईच्या घरी राहतो म्हणून काय तोंड शिवून बसू?

४ मार्च
जेवताना विषय काढला. म्हटलं, संघाचा समतोल ढासळलाय. भावोजी म्हणाले, आधी ताटातली भाजी संपव. भाच्याचं विचारलं, तर म्हणाले, मॅनेजरने सगळ्यांना बूट दिलेत, विसरलास? बुटांपायी संघ विकला! भाजी तशीच टाकून उठलो. ताईने ती माझ्या उद्याच्या डब्यात भरली.

५ मार्च
निर्णय. संघ बदलेपर्यंत भावोजींशी अबोला. जे बोलायचं ते ताईमार्फत. दोन दिवसांत नरमतील.

६ मार्च, सकाळी
भावोजींनी बाथरूममधून विचारलं, टॉवेल कुठे रे? मला माहीत होतं. बोललो नाही. ओल्या अंगाने घरभर फिरले. सुरुवात उत्तम.

८ मार्च
मी कामाला असतो त्या गोदामात मुकादम म्हणाला, उंटाला सांग, जपून खेळ बाबा. उंट म्हणजे आमचा पहिला गोलकीपर. म्हणाला, त्याला काही झालं तर तू येशील. संघाची काळजी बाहेरच्यांनाही वाटते. वाटत नाही ती फक्त मॅनेजमेंटला.

९ मार्च
भावोजी दिवसभर गप्प. पुरते खचलेत. ताई म्हणते, त्यांचा घसा बसलाय. बायकोच ती, नवऱ्याला सांभाळून घेणारच.

१० मार्च
सेमीफायनल. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.
बरोबरी होती, वेळ संपत आलेली, आणि उंटाचा गुडघा गेला. भावोजी घोगऱ्या आवाजात ओरडले, चल, आत जा! पॅड मी घरूनच बांधून निघालो होतो. पट्टे सारखे तपासत होतो. पण संघ बदललेला नव्हता. अबोला म्हणजे अबोला. मैदानापलीकडे ताई बसली होती, तिच्याकडे बोट दाखवलं. तिच्यामार्फत सांगा, एवढंच म्हणणं. भावोजी म्हणाले, काय रे, पोटात दुखतंय का? मी पुन्हा ताईकडे बोट. अंपायरने शिट्टी मारली. भावोजी म्हणाले, बरं, राहू दे, घाबरू नकोस, पॅड सोड.
मी घाबरलो? मी?
माझे पॅड बैलाला बांधले. तो उभा राहिला आणि गोल भरून गेला. लगेच आमच्यावर पेनल्टी कॉर्नर. बैल नेहमीप्रमाणे हलला नाही. बॉल त्याच्या पॅडवर आपटून लांब उडाला. तो टेबलफॅनला सापडला. पठ्ठ्या चक्क धावला. गोल.
जिंकलो. तेही असल्या भिकार संघाने!

११ मार्च
फायनलचा संघ लागला. गोलकीपर बैल. राखीव गोलकीपर कोणीच नाही. म्हणे गरज नाही.
तरीही अबोला सोडला नाही. रात्री जेवताना मीठसुद्धा ताईकडून मागवलं. शेवटी ताई वैतागली. भावोजींना म्हणाली, अहो, पुरे आता, मिटवा तो अबोला.
भावोजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, कुणाचा अबोला?