हलतं निशाण आणि नरसिंगदादा

तलावाकाठची वाडी,
जळकोटपासून आत,
मंगळवार

प्रिय प्रेम यास,

सिंधुआक्काचा सप्रेम जयभीम आणि डोक्यावरून हात.

तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालते. बरी नसती तर तू फोन केला असतास, आणि बरी असली की तुला बहीण आठवत नाही. दिपालीच्या पाठीत भरलेली उसण गेली का? धम्मप्रियाचं नाक वाहायचं थांबलं का? आणि तू नांदेडच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून गाडी चालवतोस, की केस विस्कटतात म्हणून अजून तसाच फिरतोस? मी इकडे खुशाल आहे. (खुशाल म्हणजे हातपाय जागेवर आहेत, बाकी काही जागेवर नाही.) घरात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर इथं रेंज फक्त तलावाच्या भिंतीवर येते, भिंतीवर आपला नरसिंगदादा बसलेला असतो, आणि त्याला कुणाचाही फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय चैन पडत नाही. मला जे बोलायचंय ते अख्ख्या गावासमोर बोलण्यासारखं नाही.

दवाखान्यातून रिटायर झाल्यापासून माझं काय चाललंय ते तू बघतोच आहेस. जन्म नर्सबाई म्हणून पळण्यात गेला, आता कंधारच्या घरात एका जागी बसवत नाही. शेजारणीचं बीपी तपासून झालं, तिच्या सुनेचं झालं, मग दूधवाल्याचं तपासलं, तर तो दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेरच दूध ठेवून पळायला लागला. म्हणून उज्वलावहिनीचा निरोप आला, "आक्का, चार दिवस येऊन जावा, तुमचे भाऊ लई चिडचिड करून राहिलेत," तेव्हा मी पिशवी भरूनच बसले होते. दादानं पोलिसातून रिटायर झाल्यावर इथं तलावाचं पाणी मागं सरलेल्या गाळात टरबूज लावलंय. वेल असा पसरलाय की पाय ठेवायला जागा नाही. आणि ह्या वाडीवर कोल्हे लागलेत. कोल्हा टरबूज खातो हे मला ठाऊकच नव्हतं. आपण टरबुजाला टिचकी मारतो, कान लावतो, चारचौघांना विचारतो, आणि घरी आणून कापलं की पांढरं निघतं. कोल्हा तलावाकाठच्या बोरूच्या बेटातून निवांत येतो, बरोबर पिकलेल्या फळालाच तोंड घालतो, अर्धं खातो आणि पुढच्याकडे वळतो. टाकून देण्याची ही ऐपत पाहूनच दादाचं डोकं फिरलं होतं.

वनखात्याच्या माणसानं बजावून ठेवलंय की कोल्हे पिटाळा, पण मारायचं नाही. मारलंत तर आत बसावं लागेल. ज्यानं उभी नोकरी दुसऱ्यांना आत बसवण्यात घालवली, त्याला हे फार लागलं. (वनखात्याचा माणूस वयानं लहान होता, हे आणखी लागलं.) शेवटी वहिनीनं सुतळीची गोफण विणून दिली. दगड कोल्ह्याच्या मागं मातीत आपटायचा, फटकन आवाज झाला की तो पळतो, एवढीच अपेक्षा. पण दादा पोलिसात नेमबाजीत पहिला आलेला. ते निशाण लाकडाच्या फळीवर चिकटवलेलं होतं आणि त्याला पाय नव्हते, हे तो कधी सांगत नाही. मी आले त्या दिवशी त्यानं माझ्यादेखत कोल्ह्यावर जो दगड सोडला, तो मागच्या मागं जाऊन वहिनीच्या माठाला लागला. कोल्हा थांबून बघत होता. मी खोटं सांगत नाही, तो बसला होता.

थांब, बाहेर काहीतरी खडखडलं, बघून येते.

(वाऱ्यानं पत्रा वाजत होता. आलेच आहे उठून तर अंगणही झाडून घेतलं.) तर दादाचं म्हणणं पडलं की सराव पाहिजे, आणि सराव हलत्या निशाणावरच पाहिजे. त्यानं लिंबाच्या फांदीला मडकं टांगून झोका दिला, वहिनीला दोरीनं जुना टायर ओढत पळायला लावलं. वहिनी एकदा पळाली, दुसऱ्यांदा तिनं दोरी त्याच्याच हातात दिली आणि म्हणाली, "तुमीच पळा, मी मारते." दोघांचं भांडण मिटेपर्यंत मी गोफण उचलली. प्रेम, मला त्या क्षणी एक गोष्ट उमगली. हलत्या निशाणाचं काम मी जन्मभर केलंय. लसीकरणाला पोरगं सुई बघून दाराकडं धावलं की नव्या मुली पोरामागं धावायच्या. मी दाराकडं जायचे. पोरगं आपोआप माझ्या हातात यायचं. जिथं ते आहे तिथं नाही, जिथं ते पोचणार आहे तिथं सुई पाहिजे. (थोराड बाप्ये तर पोरांपेक्षा जोरात पळतात, पण त्यांना वळता येत नाही.) शेवटी दादाच टायर ओढत पळाला, तशी मी टायरच्या पुढच्या मोकळ्या जागेकडं बघून दगड सोडला आणि टायर स्वतः येऊन त्याच्याखाली सापडला. दादा म्हणाला, "योगायोग हाय." मी मडकं फोडलं. तो म्हणाला, "वारा होता." पण संध्याकाळी भाकरी खाताना त्यानं हळूच विचारलं, किती पुढं बघायचं असतं गं?

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण शेजारच्या वाडीत शिवमूर्ती आहे. त्याचीही टरबुजं, त्यालाही हेच कोल्हे. त्यानं बांधाच्या कडेनं गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढली, मोटारीच्या लाईनीला जोडायची म्हणून. मी तडक त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "आक्का, तुमी पगारावरची माणसं. मी कुठवर कोल्ह्यालाच पोसू? रविवारपर्यंत थांबतो, कोल्हे हटले न्हाई तर करंट सोडतो." मी त्याला कंधारची गोष्ट सांगितली. अशाच तारेला चिकटलेला माणूस आमच्याकडं आणला होता. तार त्याच्याच भावानं डुकरांसाठी लावलेली. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी त्या भावाला पाणी देत राहिले, आणि तो पेला हातात धरून नुसता बसला होता. शिवमूर्तीनं खाली बघितलं. म्हणाला, "मी रात्रीचीच सोडीन, दिवसा बंद." माणसं रात्री चालत नाहीत असं त्याला वाटतं की काय कोण जाणे. तेव्हापासून मला धड जेवण गेलं नाही. उठायचे, तारेकडं बघून यायचे, बसायचे, परत उठायचे.

शनिवारी दिवस बुडायच्या वेळेला कोल्हा आला. एकटाच, तोंड टरबुजानं लालभडक. मी गोफण घेऊन उभी होते, दादा बनियनवर काठी घेऊन. खरं म्हणजे दादानं हाळी द्यायची आणि मी दगड सोडायचा असं ठरलं होतं. पण कोल्हा त्याच्याकडं बघून फळ चावायला लागला आणि आपला दादा जो भडकला, तो शिव्या देत सुटला त्याच्यामागं. ह्या वयात असा पळेल असं मला वाटलं नव्हतं. कोल्हा शिवमूर्तीच्या बांधाकडं, दादा त्याच्यामागं, आणि बांधाच्या पलीकडून शिवमूर्ती दोन्ही हात हलवत ओरडतोय, "दादा, तार चालू हाय! तार!" त्यानं चालते का बघायला म्हणून करंट तेव्हाच सोडला होता. दादाला स्वतःच्या शिव्यांपुढं कुणाचं ऐकू येतंय? माझी गोफण फिरत होती. दगड सुटला. तारेच्या अलीकडं जिथं दादा पोचणार होता, बरोबर तिथं तो दगड दादाला भेटला. कुठं लागला म्हणशील, तर जिथं मी जन्मभर लोकांना इंजेक्शनं देत आले, बरोबर त्याच जागी.

दादा "आई गं" म्हणून टरबुजांत बसला. बसला म्हणजे एक फळ फुटलं आणि त्याची विजार लाल झाली. ते बघून मला वाटलं, मी त्याला मारूनच टाकलं. कोल्हा वळून ओढ्यानं निघून गेला. मी धावत पोचले तर दादा ओरडतोय, "सख्ख्या भावाला मारतीस? मी काय कोल्हा हाय?" तेवढ्यात शिवमूर्ती फ्यूज काढून आला. तो दादाच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि बोट दाखवलं. तार दादाच्या काठीच्या टोकाला लागेल एवढ्यावर होती. दादानं तारेकडं बघितलं, मग माझ्याकडं. आपल्या दादाला गप्प बसलेलं मी बाबा गेले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच. वहिनी येऊन त्याच्या पाठीवर नुसता हात फिरवत राहिली.

शिवमूर्तीनं त्याच संध्याकाळी तार गुंडाळली. गुंडाळी तीनदा सुटली, शेवटी एक टोक मी धरलं. मग तो आमच्याकडं चहाला बसला आणि म्हणाला, "आक्का, तुमी असा नेम धरला म्हणून मी आज जेलात न जाता घरी जातोय." दादाही उताणा न होता, कुशीवर पडून म्हणाला, "माझी बहीण हाय ती." कोल्हे गेले म्हणू? गेले नाहीत. आता दादा आणि शिवमूर्ती मिळून दिवस बुडताना डबे वाजवतात आणि चिरलेली फळं बोरूच्या बेटाशी नेऊन टाकतात. कोल्हे तिथंच जेवतात आणि बरीच टरबुजं वाचतात.

तर असं आहे सगळं. काळजी करू नकोस. घरातल्या सगळ्यांना जयभीम, धम्मप्रियाला मुका.

तुझी,
सिंधुआक्का

ता.क. दादाला अजून नीट बसता येत नाही. मेडिकलमध्ये मधे भोक असलेली हवेची गादी मिळते, ती घेऊन ये. कुणासाठी ते दुकानात सांगू नकोस.

ता.क. २. "घेऊन ये" असंच लिहिलंय, "पाठव" नाही. तुला शुक्रवारच्या आत यायचं आहे आणि मला इथून न्यायचं आहे. शिवमूर्तीनं शनिवारची हकीकत गावभर केली, ती जळकोटला पोचली, आणि येत्या शनिवारच्या महिला मेळाव्यात "हलत्या निशाणावर गोफण" असं माझ्या नावानं प्रात्यक्षिक ठेवलंय. कारण काहीही सांग. दिपालीची उसण परत भरली म्हण. चांगली भरली म्हण.

ता.क. ३. हे वाचून फाडून टाक. त्या दिवशी मी नेम कोल्ह्याच्या मागच्या मातीवर धरला होता. दादा मधे कुठून आला मला माहीत नाही. शिवमूर्तीचं ओरडणंही मला दगड सुटल्यावर कळलं. तेव्हापासून डोळा लागत नाही. पहाटे उठून एकटीच टायरवर दगड मारते आणि आता तो उभा असला तरी लागत नाही. पण दादाला हे सांगायचं माझ्यानं होत नाही. तो ज्या कौतुकानं माझ्याकडं बघतोय, तसं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

ता.क. ४. गुरुवारीच ये. आत्ताच वहिनीकडून कळलं, मेळाव्यात मडकं आणि टायर नकोच असं दादानं परस्पर कळवून टाकलंय. म्हणाला, माझ्या बहिणीला मडक्याची काय गरज, मीच पळतो.