टाचण्यांची उशी

ताई,

धाकटीचा तुला एक नमस्कार, आईला दोन.

सोबत टाचण्यांची उशी आहे, कारखान्यातल्या चिंध्यांची शिवलीय. आत आई भरायची तसे केसच भरलेत, म्हणजे सुया गंजायच्या नाहीत. आठवतं ना, विंचरताना निघालेले केस ती वर्षभर साठवायची, तेव्हा कुठे एक उशी व्हायची? माझी आठवड्यातच झाली. औषध जरा कडक आहे, एवढंच. डॉक्टर हल्ली नुसता खांद्यावर हात ठेवतात.

तुझ्या गोधडीवाल्या मैत्रिणी किती जणी गं? सगळ्यांना एकेक उशी होईल. मग मात्र भरायला काही उरणार नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, आत कापूस आहे. आणि उशी तिच्या हातात देऊ नकोस, दाबली की तिला कळेल.

तुझीच,
धाकटी