दादांची सर्दी

द्वारका, नाशिक
१९ एप्रिल २००५

प्रिय आशाताई,

हे पत्र टपालात न टाकता दादांच्याच हाती देते आहे. उद्या सकाळच्या गाडीनं ते वणीला निघतील. आत्ता माझ्यासमोर बसून हर्षालीसाठी घेतलेल्या चिवड्याच्या पिशवीला सुतळी बांधतायत. दोनदा बांधली, दोनदा सोडली. मध्येच मान वर करून विचारतात, "आगं, पोथी लिहितीस का काय? ताईला एवढं काय सांगायचं ऱ्हायलंय?" मी म्हटलं, हर्षालीबद्दल लिहिते आहे. ते खूश झाले. "लिही, लिही. म्हणावं, पोरीला सुट्टीभर आमच्याकडं धाड. आजोबा तिला धंदा शिकवणार हाय." ताई, मी खरंच हर्षालीबद्दलच लिहिते आहे. पण तिथवर पोचायला मला जरा लांबून यावं लागेल. चिडू नकोस. मी पहिल्यापासून अशीच. माल तोलताना काटा स्थिर होईपर्यंत मी श्वास धरून ठेवायची आणि बायडाबाई पोती निवडता निवडता ओरडायची, "सोड गं बाई, मरशील!"

ओझरचं जमलं, हे दादांनी तुला फोनवर सांगितलंच. मुलगा दीपक, विमानाच्या कारखान्यात फिटर आहे, बोलतो कमी. दादा भेटेल त्याला सांगतात, "धाकटी विमानाच्या कारखान्यात दिली," जणू मला तिथं पंखच बसवणार आहेत. पण बघण्याच्या दिवशी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. सकाळी मी आपल्या भंगाराच्या दुकानात डब्यांवरची लेबलं रॉकेलनं काढत होते. पाहुणे लवकर आले म्हणून धावत घरी गेले, साबणानं हात धुतले आणि पोहे टाकले. नेहमीसारखेच केले. मुलाच्या आत्याबाईंनी एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. मग एकेकानं ठेवली. दीपकनं मात्र सगळे संपवले आणि वर तो दोन पेले पाणी प्यायला. ते गेल्यावर आईनं कढई नाकाशी नेली आणि कपाळाला हात लावला. "तृप्ते, रॉकेलात परतलेस का गं पोहे?" मी कढईवर वाकून हुंगलं. गालांना वाफ लागली. वास कसलाच आला नाही.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. दिवाळीत गॅस उघडा राहिला, तेव्हा आई अंगणातून किंचाळत आत आली आणि मी त्याच खोलीत वेणी घालत बसले होते. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. मोगऱ्याचा गजरा मी अजून विकत घेते. माळला की कुणीतरी म्हणतं, काय छान वास येतोय, आणि मग मलाही कळतं की तो येतोय. सिंहस्थाच्या वर्षी बाटल्या, चपला, ताडपत्र्या यांची पोती छतापर्यंत लागली होती आणि मी दिवसचे दिवस प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळून हुंगत होते. बहुतेक तेव्हापासूनच कमी होत गेलं. पण वास जाताना आवाज करत नाही गं. एक दिवस आठवून पाहिलं तर आईच्या पदराचा वास कसा होता हेच आठवेना.

दुकानातलं काम तुला माहीत आहे, पण तुझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली की पुन्हा लिहिते. बाहेरच्या माणसाला सगळं प्लॅस्टिक एकच दिसतं. अंबडचा, प्लॅस्टिक वितळवून त्याचे दाणे पाडणारा शेठ मात्र प्रत्येक जात वेगळी मागतो, कारण दुधाच्या पिशव्यांच्या पोत्यात पाइपाचा एक तुकडा वितळला तरी सगळा घाणा वाया जातो. म्हणून शंका आली की कोपरा पेटवायचा, फुंकर मारायची आणि धूर हुंगायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर दुधाच्या पिशवीची जात. जळक्या केसांसारखा आला तर मासेमारीच्या जाळ्याची. झेंडू कुस्करल्यासारखा गोडसर आला तर कॅसेटच्या डबीची. आणि नाक चावलं, डोळ्यांत पाणी आलं, तर पाइप. शाळेत मुळाक्षरं गिरवायच्या आधी मी दादांच्या मांडीवर बसून हे वास गिरवले. डोळे मिटायचे, ओळखायचं, बरोबर आलं की लिमलेटची गोळी. गिऱ्हाईक आलं की दादा मला पुढं करायचे, "ही बघा आमची प्रयोगशाळा. फ्रॉक घालती आन् गोळ्या खाती."

आधी त्यांनी तुला शिकवायला घेतलं होतं, आठवतं? पहिल्याच धुराला तू त्यांच्या पायजम्यावर ओकलीस. दुसऱ्या दिवशीही. दादा म्हणाले, "हिचं नाक लय नाजूक हाय, हिला ऱ्हाऊ द्या." मग मी ऐटीत पुढं झाले. तू रडत घरी गेलीस आणि मला वाटलं, मी जिंकले.

पण दादा स्वतः का हुंगत नव्हते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्यांना सर्दी असायची ना. "मला सर्दी हाय, तू बघ." पावसाळ्यात सर्दी, मे महिन्यातही सर्दी. आई ओवा भाजून पुरचुंडी करून द्यायची, ते ती खिशात घालून विसरायचे. ताई, इतक्या वर्षांत त्यांच्या नाकातून पाणी आलेलं तू पाहिलंस? त्यांना शिंकताना पाहिलंस?

पोह्यांच्या प्रकारानंतर मी एकटीच शालिमारजवळ नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी माझे डोळे मिटवले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. मी प्रत्येक वेळी म्हणाले, अजून धरा. नंतर कळलं, त्यात कॉफी होती, लवंग होती आणि कापूर होता. काय काम करता, विचारलं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला दिवा खाली ठेवला. म्हणाले, रोजच्या धुरानं आतली नस मरते, एकदा मेली की बहुधा परत येत नाही. घरात आणखी कुणाला असं आहे का? मी म्हटलं, नाही. खरंच तसं वाटलं होतं. जिना उतरताना मधल्या पायरीवर मला दादांची सर्दी आठवली आणि मी तिथंच बसून राहिले. वर जाऊन डॉक्टरांना सांगायला हवं होतं की उत्तर चुकलं. धीर झाला नाही.

आता हर्षाली. संक्रांतीला तुम्ही आला होतात, तेव्हा दादा सहज एक पट्टी जाळत होते. ती माझ्या मागून वाकून म्हणाली, "आजोबा, याला देवळातल्या मेणबत्तीचा वास येतोय." दादांनी दुसरी धरली. "शी! न्हाव्याच्या दुकानात केस जळतात तसा." दोन्ही बरोबर होते. त्या क्षणी मला ते धुरावरून आणि ठिबकणाऱ्या थेंबावरून कळलं, तिला नाकानं कळलं. दादांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, आता खिशातून लिमलेटची गोळी निघणार. निघालीच. तेव्हापासून त्यांचं सगळं ठरलेलं आहे. तृप्तीचं लग्न दिवाळीनंतर. तोवर सुट्टी-सुट्टीत नात तयार करायची. "दुकानाला नाक नको का? तू बिनघोर जा सासरी, नाक आलंय आपल्या घरात." हे ते माझ्यावरच्या मायेनं बोलतात, ताई. मला मोकळं करतायत त्यांच्या परीनं.

आणि मी अशी अडकले आहे की कुठूनही निघता येत नाही. गप्प राहून सासरी जावं, तर माझ्या जागी तुझी पोर बसते. माझा वास गेलाय एवढंच सांगावं, तर ते म्हणतील, मग आजच आणतो तिला. लग्न मोडून इथंच बसावं, तर बसून करू काय, मला तर आता कसलाच वास येत नाही. दादा अजून रोज माझ्यापुढं पट्टी धरतात आणि "सांग" म्हणतात. मी धूर काळा की पांढरा ते बघते, थेंब कसा पडतो ते बघते, आणि वर नाक फेंदारते. ते नाक फेंदारणं मला सगळ्यात जड जातं. तोंडानं एक शब्द खोटा बोलत नाही आणि तरी रोज खोटं बोलते. एकदा धीर करून म्हटलं, दादा, तुमची ती सर्दी डॉक्टरला दाखवू या. हसले. "माझी सर्दी माझ्याबरुबरच जायची." आणि पोतं उचलून गेले. पुढचं मला बोलता आलं नाही. कारण पुढचं काय आहे? हेच की ती सर्दी नव्हती. जे त्यांचं गेलं ते त्यांना कळलं नाही, आणि म्हणून त्यांनी तेच काम माझ्या हाती दिलं. हे मी त्यांच्या तोंडावर कसं सांगू?

नुसती रडत बसले आहे असं समजू नकोस. मागच्या वर्षी सिन्नरकडच्या एका नव्या कारखान्याचे साहेब माल बघायला आले होते. मला हुंगताना पाहून म्हणाले, "तुम्ही असं रोज करता?" त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. ते म्हणाले, आमच्याकडे माल तपासायला माणूस हवंय, तुम्ही या, आमच्याकडे नाक लागत नाही. दादा म्हणाले, "आमचं नाक विकायचं नाय साहेब," आणि सगळे हसले. मीही हसले. पण साहेब जाता जाता नाकाशिवाय माल ओळखायची जी रीत सांगून गेले, ती मी लक्षात ठेवली होती. संक्रांतीनंतर मागच्या पडवीत टबात मिठाचं पाणी केलं. पाइपाची जात बुडते, पिशवीची तरंगते. तांब्याची तार तापवून तुकड्याला लावायची आणि पुन्हा जाळावर धरायची. ज्योत हिरवी झाली की पाइप. नाकाचं काम नाही, दुरून दिसतं. बायडाबाईलाही दाखवलं. ती म्हणाली, "आगं बया, मग इतकी वर्षं आपण धूर का खाल्ला?" दोन-तीन जाती अजून फसवतात, त्या मी वेगळ्या पोत्यात टाकते. ते पोतं का फुगतंय म्हणून दादा रोज विचारतात. पण हे शिकता येतं, ताई. दिवाळीपर्यंत मी ते पुरं बसवून देऊ शकते. दुकान नाकाशिवाय चालेल.

आता दादांनी सुतळीला तिसऱ्यांदा गाठ मारली आहे, म्हणजे मलाही आवरायला हवं. त्यांना सहीपलीकडे अक्षर येत नाही. घरात आलेला प्रत्येक कागद आपण दोघींनीच त्यांना वाचून दाखवला. तू वाचायचीस तेव्हा कडू ओळी खाऊन टाकायचीस. मामाच्या पत्रात त्यांना टोमणा होता तो तू सोडलास, तेव्हा मीच बोंब मारली, "ताईनं एक ओळ गाळली!" आणि तू मला चिमटा काढलास. मी आजवर त्यांना एकही ओळ गाळून वाचलेली नाही. हे एकच पत्र मला वाचून दाखवता येत नाही. सर्दीच्या ओळीशी मी अडखळेन आणि ते पोतं उचलायला उठतील. जावयाच्या घरी त्यांना तसं उठता येत नाही. तिथं ते खुर्चीच्या कडेला बसतात, हात मांडीवर ठेवून, आणि पुढ्यातला चहा संपेपर्यंत हलत नाहीत. म्हणून हे त्यांच्याच खिशातून पाठवलं. चहा कपभर दे. हर्षालीला शेजारी खेळायला धाड. भाऊजींना दुकानातल्या यात्रेच्या गिऱ्हाइकातून उठवून आत बोलाव, म्हणजे तुलाही धीर येईल. मग दादांच्या समोर बस आणि इथवर मनातल्या मनात वाचलं असशील, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू कर, मोठ्यानं. ते रडले तर थांब, पण पुढं वाच. लिमलेटच्या गोळ्या मला अजून आवडतात, हेही वाच. आणि पूर्वीसारखी एकही ओळ गाळू नकोस, हीसुद्धा.

तुझीच, आणि समोर बसून ऐकणाऱ्यांचीही,
तृप्ती